चूक कुणाची, दाजींना विचारा

जगात कुठेही काहीही बिघडलं, तर चूक कुणाची हे ठरवायचं काम आमच्या दाजींकडे सोपवावं आणि बाकीच्या जगाने दुसरीकडे राहायला जावं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार नेदरलँड्समधलं न्यूनेन, जिथली कुत्रीसुद्धा भुंकण्याआधी शेजाऱ्यांचा विचार करतात. नोकरी आइंडहोवनला, एका यंत्रांच्या कंपनीत. पण ती झाली पोटापाण्याची सोय. त्यांचं खरं काम अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या क्वार्टरबॅकना न्याय देण्याचं. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही, त्यामुळे कुणाला काढूनही घेता येत नाही.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये माझी आइंडहोवनची खोली सुटली आणि मी तीन आठवड्यांसाठी म्हणून ताईच्या माळ्यावर राहायला गेले. तिथे वर्षाहून जास्त राहिले. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. ताई बारावीनंतर थांबली, कारण एकीलाच पुढे शिकवणं जमणार होतं. दाजी मात्र अमेरिकेत शिकून आलेले. तिथून ते पदवी घेऊन आले असं त्यांच्या आईवडिलांना वाटतं. प्रत्यक्षात ते एक दुखणं घेऊन आले.

दुखणं असं. तिकडच्या फुटबॉलमध्ये लांबट चेंडू हातात धरून पळायचं असतं. प्रत्येक वेळी चेंडू आधी ज्याच्या हाती येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे जो ठरवतो, तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी, अंगावर येणाऱ्यांना अडवायला. जिंकले की फोटो क्वार्टरबॅकचा आणि हरले की शिव्याही क्वार्टरबॅकलाच. दाजी कॉलेजात होते तेव्हा त्यांच्या संघात एक डावखुरा क्वार्टरबॅक होता. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या मॅचमध्ये अगदी शेवटी त्याने फेकलेला चेंडू विरुद्ध बाजूच्या हातात गेला. सगळ्या गावाने त्या पोराचं नाव टाकलं. दाजी एकटे त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि वीस वर्षं झाली तरी खाली बसायला तयार नाहीत.

"पास बरोबर होता," ते म्हणायचे. "उजवीकडच्या गड्याने अडवायचा माणूस सोडला. टीव्हीवर त्याचं नाव तरी घेतलं का कुणी?"

आता त्याच कॉलेजात नवा क्वार्टरबॅक होता, दिसायला देखणा, जाहिरातीत शोभेल असा. त्याचं कौतुक झालं की दाजींना ठसका लागायचा. "याच्यापुढे पाच हत्ती उभे आहेत. निवांत भाजी निवडल्यासारखा उभा राहतो मागे. घोड्यावर बसला म्हणून वरात काय नवरदेवाने आणली? बँडवाले, आचारी, मांडववाले, सगळे गेले कुठे?" असं म्हणून ते ओट्यावर संघ मांडायचे. लसणाच्या पाकळ्या आपल्या, शेंगदाणे त्यांचे, डावखुऱ्याच्या जागी काजू. ताईला फोडणीची घाई असायची. एकदा तिने अख्खी मॅच कढईत ढकलली, काजूसकट. दाजी कढईकडे बघून हळूच म्हणाले, "बघ, पुन्हा त्यालाच भाजलं."

हा न्याय फक्त अमेरिकेपुरता असता तर चाललं असतं. पण त्या दिवसांत दाजी चोवीस तास घरात होते आणि निकाल देण्याचं त्यांचं मशीन बंद होत नव्हतं. पोळी करपली, तर लाटणारी आणि भाजणारी यांच्यात दोष कसा वाटायचा? (दोन्ही ताईच.) सायकल पंक्चर झाली, तर चाकाचा दोष किती आणि नगरपालिकेचा किती? टीव्हीवर पंतप्रधान नवे निर्बंध सांगायला उभे राहिले की दाजी हात वर करून आम्हाला गप्प करायचे. "याला बोलू नका. हा क्वार्टरबॅक. पुढची फळी बघा कशी आहे." शेजारचे डच आजोबा कुंपण कापत होते, त्यांना दाजींनी दीड मीटर अंतर राखून, रिमझिम पावसात, डावखुऱ्याची बाजू पहिल्यापासून समजावली. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडे फुटबॉल पायाने खेळतात." आणि कात्री उचलून आत गेले.

शनिवारी संध्याकाळी सहाला, तिकडे दुपार होते तेव्हा, मॅच सुरू व्हायची. सहानंतर घर पेटलं असतं तरी दाजींनी हाफ टाइमला पाणी मारलं असतं. त्या वर्षी तिकडच्या स्टेडियममध्येही माणसं मोजकीच आणि बाकीच्या खुर्च्यांवर पुठ्ठ्याची. दाजींना फरक पडत नव्हता. त्यांच्या घरातले प्रेक्षकही तितक्याच उत्साहाने बघायचे.

दिवाळी आली. एरवी इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम हॉलमध्ये व्हायचा, त्या वर्षी घरात पाहुणेही मोजकेच चालत होते. म्हणून ठरलं की चार-पाच घरांत फराळ करायचा आणि डबे करून सगळ्यांच्या दारात पोचवायचे. आणि याची सूत्रं ताईकडे आली. यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. मंडळातल्या बायका इंजिनिअर, डॉक्टर, संशोधक. त्यांच्यात ताई इतकी वर्षं 'ह्यांच्या मिसेस' होती. कार्यक्रमात चहाचा थर्मास भरणारी. पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं, "तुम्हीच बघा हो सगळं, तुम्हाला जमेल." त्या दिवशी माझ्याशी बोलताना तिचा आवाज, मला पदवी मिळाली तेव्हा माझा होता तसा होता.

चकल्या तिने स्वतःकडे ठेवल्या. गावाहून भाजणी येणं शक्य नव्हतं, तर धान्यं आणून, भाजून, दळून सगळं घरी केलं. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सकाळपासून तळण. मी तळत होते, ती पाडत होती. डबे भरायचं काम दाजींकडे, मागच्या सायकलींच्या शेडमध्ये. पाचच्या सुमाराला ताई दुसऱ्या घरून लाडू आणायला निघाली, मीही तिच्याबरोबर गेले. जाताना ती दाजींना म्हणाली, "अहो, शेवटचे घाणे पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा."

परत आलो तर डबे भरलेले, झाकणांना टेप, चवड लावलेली, आणि दाजी सोफ्यावर. ताईने त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. रविवारी पुढे खोका असलेल्या सायकलवर डबे ठेवून आम्ही गावभर फिरलो, दारात ठेवायचे, बेल दाबायची आणि मागे सरायचं.

सोमवारी ग्रुपवर मेसेज सुरू झाले. आपल्या लोकांचं एक बरं असतं, दगडसुद्धा रुमालात गुंडाळून मारतात. 'चव अप्रतिम! फक्त आमच्या चकल्या जरा मऊ आहेत.' 'आमच्याही.' 'तळणीचा अंदाज चुकला असेल, होतं असं पहिल्यांदा.' 'भाजणी घरची होती ना, म्हणून.' आणि शेवटी एका बाईंचा हात जोडलेला मेसेज: 'पुढच्या वर्षी दुकानातून मागवू या का? कुणालाच त्रास नको.'

ताईने वाचलं, फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच.

"मला पुढे केलंतच कशाला?" ती नळाकडे बघून म्हणाली. "मी बारावीवाली. आपला थर्मासच बरा. मी काही यायची नाही आता मंडळात."

रात्रीच्या जेवणाला दाजींनी घसा साफ केला. मला वाटलं, आता हा माणूस बायकोची बाजू घेणार. "आपण तटस्थपणे बघू," दाजी म्हणाले. "सगळा दोष तुझा नाही. पण सूत्रं तुझ्या हातात होती, म्हणजे थोडा वाटा तुझ्याकडे येतोच."

"वा दाजी!" मला राहवलं नाही. "सातासमुद्रापलीकडच्या पोराला वीस वर्षं फुकट वकील, आणि घरातलीला हे?"

"ग्रॅज्युएट, भावनेत वाहू नका. एकेक टप्पा बघू. भाजणी बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं. "कढईतून काढलेली मी खाल्ली. कुडुम वाजत होती."

"म्हणजे तळणही बरोबर. राहिलं डबे भरणं. तिथे तर प्रश्नच नाही, ते मी केलं. सहाच्या आत सगळे डबे! शेवटचे घाणे भरताना बोटं भाजली माझी, पण थांबलो नाही."

ताईने पहिल्यांदा मान वर केली. "भाजली?"

दाजींचा घास हातातच राहिला. गरम चकली, बंद झाकण, आत कोंडलेली वाफ, हे समजायला अमेरिकेत शिकावं लागत नाही. आमच्या आईने डोळे मिटून सांगितलं असतं. ताईने उठून ताट उचललं आणि वर गेली. दाजी बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसले होते.

दोन दिवसांनी मंडळाची ऑनलाइन मीटिंग होती. ताई बसायला तयार नव्हती, ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. दाजी शर्टाला इस्त्री करून लॅपटॉपसमोर बसले. मी मनाची तयारी केली, आता डावखुऱ्यापासून सुरुवात, मग पाच हत्ती, मग वरात. पण दाजींनी खेळाचा एक शब्द काढला नाही. सरळ म्हणाले, "चकल्या उत्तम झाल्या होत्या. त्या गरम असताना मी डबे बंद केले, कारण मला मॅच बघायची होती. हिने बजावून सांगितलं होतं. हिच्याकडे बोट दाखवू नका."

समोरच्या चौकोनांत कुणी हललं नाही. दाजींनी घाम पुसला. मग अध्यक्ष म्हणाले, "काका, तुम्ही म्यूटवर आहात."

एवढं धाडस माणूस एकदाच गोळा करतो. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी बटण दाखवलं. त्यांनी म्यूट काढलं. दुसऱ्यांदा सगळी वाक्यं आठवली नाहीत की निघाली नाहीत कोण जाणे. "चूक माझी," एवढंच म्हणाले.

कोपऱ्यातल्या एका चौकोनातून कुणाच्या तरी आजी म्हणाल्या, "अहो, माझ्या कवळीला बऱ्या पडल्या हो मऊ चकल्या. अजून असल्या तर पाठवा." सगळे हसले. ते हसू संपायच्या आत ताई येऊन दाजींच्या खुर्चीमागे उभी राहिली. पदर सारखा केला, कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाली, "पुढच्या वर्षीही फराळ मीच बघणार. दुकानातून काही आणायचं नाही. आणि डबे कुणी भरायचे ते मी सांगेन."

आता मी आर्नहेमला असते. ऑफिसात काही ना काही रोज बिघडतं, आणि मीटिंगमध्ये सगळे सुशिक्षित लोक एकमताने ठरवतात की चूक कुणाचीच नव्हती, चूक प्रोसेसची होती. कुणाला लागत नाही, कुणाचा घास अडत नाही, आणि पाचला सगळे सायकलवर टांग टाकून घरी जातात. अशा वेळी दाजींचा फार राग यायचा तो आठवतो. आता त्या रागाचीही आठवण येते. मग मी ताईला फोन लावते आणि विचारते, "दाजी आहेत का गं घरात? फोन दे जरा त्यांच्याकडे."