पत्र्याची पट्टी

यंत्राच्या सांध्यातली पिन काढली, की मिस्त्री त्या भोकात तर्जनी घालत, डोळे मिटत आणि बोट सावकाश फिरवत. मग निकाल: "बाय, भोक गोल नाय."

साठच्या दशकात बेटेगावजवळच्या एका खाणीतून तारापूरच्या बांधकामांना खडी जाई. नवरा गेल्यावर कंत्राटदाराने मला खाणीच्या स्टोअरवर बसवलं होतं. मिस्त्री किनाऱ्यावरच्या मुरबे गावचे, आधी होड्यांची इंजिनं दुरुस्त करत. दगड उचलणाऱ्या यंत्राचा हात पिनीवर वळतो. पिन झिजते, तसं तिचं भोकही लांबट होतं, मग नवी पिनही सैल बसते. पिन बदलणं तासाभराचं काम. भोक वेल्डिंगने भरून पुन्हा गोल कोरायला तीन दिवस.

"नवी पिन देऊ का?" मी विचारी.

"पिनी लय हायत बाय. तुमच्या दुकानात भोक मिलतं का?"

असा अडून बसणारा माणूस तुमच्याही कामावर असेल. आपण त्याला हसतो आणि त्याच्याच भरवशावर यंत्राखाली उभे राहतो.

एकदा सुपरवायझर ओरडला, "पत्र्याची पट्टी गुंडाळा आणि ठोका पिन! होडी नाहीये ही."

"होडी असती तर ठोकली असती, सायेब. आमीच बुडलो असतो. हितं खाली दुसऱ्याची पोरं हायत."

मिस्त्री जेवायला गेले तेव्हा सुपरवायझरने स्टोअरच्या नियमाप्रमाणे आपल्या सहीची चिठ्ठी देऊन माझ्याकडून पिन नेली आणि पट्टी गुंडाळून दुसऱ्याकडून ठोकून घेतली. मिस्त्री परतले तोवर यंत्र सुरू झालं होतं. चौथ्या दिवशी पिन निसटली. यंत्राचा हात खाली आला. एका मजुराचा पाय गुडघ्यापासून गेला.

चौकशीत सुपरवायझरने सांगितलं, पिन मिस्त्रींनीच बसवली. मिस्त्री नाही म्हणत राहिले. चौकशीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं, "या यंत्राचा फिटर कोण?"

"मिस्त्री," मी म्हणाले. खोटं बोलले नाही. चिठ्ठी माझ्या खणात होती. ती कोणी मागितली नाही, मी काढली नाही. दोन मुलं शाळेत होती आणि माझी नोकरी सुपरवायझरच्या शब्दावर होती. कारण एवढंच.

मिस्त्रींना काढलं. हत्यारं जमा करायला ते माझ्या खिडकीशी आले.

"बाय, चिठ्ठी हाय ना तुमच्याकडं?"

"आधी हत्यारं दाखवा, मिस्त्री."

पाने, हातोडे, छिन्न्या, सगळं पुसून तेल लावून आणलं होतं. एकेक त्यांनी खिडकीत ठेवलं.

"मोजून घ्या."

मी मोजलं. काहीच कमी नव्हतं. त्यांची सही घेतली आणि खिडकी लावून घेतली.