लाल पट्टीचा दोर

बदलापूरला पोलीस निरीक्षक असताना तपासलेला चोरीचा एक गुन्हा अजून माझ्या मनातून गेलेला नाही. चोरीला गेले होते दोर.

तिथल्या एका गिर्यारोहण मंडळाची डोंगराच्या पायथ्याला खोली होती. कोणी दरीत पडलं, धबधब्यावर अडकलं, की आम्ही त्यांनाच फोन करायचो. ही मंडळी नोकऱ्या सोडून धावत येत, माणूस वर काढत आणि चहा पिऊन घरी जात. त्याच खोलीचं कुलूप तोडून कोणीतरी दोर, कंबरपट्टे, दोर अडकवायच्या कड्या, सगळं नेलं.

फिर्याद द्यायला मंडळाच्या अध्यक्षा आल्या. अंबरनाथला कारखान्यात नोकरी करायच्या. म्हणाल्या, "साहेब, त्यातला एक दोर बाद केलेला आहे. टोकाला लाल पट्टी आहे. वरून धड दिसतो, पण आतून गेलाय. आम्ही तो गाठी शिकवायलाच ठेवला होता. त्यावर कोणी लटकलं तर जीव जाईल."

तेव्हापासून मी हा गुन्हा चोरीचा समजून तपासलाच नाही. असे दोर कोणाला लागतात? उंच इमारती बाहेरून रंगवणाऱ्यांना. दोर-ताडपत्रीच्या दुकानांत माणसं पाठवली. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या सिंधी दुकानदाराचा फोन आला. "साहब, एक रंगवाला ठेकेदार ऐसी और कड़ी मांग रहा था. सैंपल छोड़ के गया है." कडीवर मंडळाची खूण कोरलेली होती.

स्थानिक ठाण्याला कळवून ठेकेदाराला कॅम्प पाचमधल्या त्याच्या गोदामात गाठलं. माल ओळखायला अध्यक्षा आणि त्यांचा एक सहकारी सोबत होते. कोपऱ्यात सगळा ढीग पडला होता.

"बाजारातून घेतला, सर. बिल हरवलं." माझा प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर तयार होतं. खोटं बोलणारा माणूस असाच घाई करतो.

अध्यक्षांनी सगळा ढीग उपसला. "लाल पट्टीवाला यात नाही," त्या त्याला म्हणाल्या. "तो आतून तुटत आलाय. कोण आहे त्यावर?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "माझा भाऊ, मॅडम. मागच्याच बिल्डिंगला. मीच आणले ते दोर. आधी त्याला उतरवा."

त्याला उतरवायला लागणारे चांगले दोर त्या ढिगातच होते, आणि मुद्देमालाला पंचनाम्याआधी हात लावायचा नसतो. हवालदाराने तशी आठवण करून दिली. "फोटो काढ. पंचनामा नंतर," मी म्हणालो.

दोर घेऊन आम्ही मागच्या इमारतीच्या गच्चीवर धावलो. कठड्यावर तो लाल पट्टीचा दोर घासून फाटला होता, आतले धागे बाहेर आले होते. भाऊ खाली लटकून निवांत रंग मारत होता. "दादा, हात थांबवा. अजिबात हलू नका," अध्यक्षा वरून म्हणाल्या आणि चांगल्या दोराला स्वतःला बांधून उतरल्या. त्यांनी त्याला आपल्या पट्ट्याला अडकवलं आणि सहकाऱ्याने दोघांना हळूहळू जमिनीवर सोडलं. ठेकेदार भावाला मिठी मारून रडला. मग आम्ही त्याला अटक केली.

जामिनावर सुटल्यावर तो फिर्याद मागे घ्या म्हणून अध्यक्षांना विनवायला गेला. त्या म्हणाल्या, "केस चालणार. तुमच्या माणसांना मात्र रविवारी पाठवा. दोर कसा तपासायचा ते शिकवते."

माणसं आली. पुढे इतर ठेकेदारांचीही येऊ लागली.

गुन्हेगाराला सोडायचं नाही, एवढंच आम्ही नोकरीत शिकलो होतो. त्याच्या हाताखाली राबणाऱ्या माणसांनाही वाऱ्यावर सोडायचं नसतं, हे मला त्या बाईंनी शिकवलं.