बारा शेंगदाण्यांचं संपादन

मराठी साहित्याची मी आजवर केलेली एकमेव सेवा भाजलेली आणि खारट होती.

त्याचं झालं असं. माझ्या सासूबाई पिशोरहून आठवडाभर आमच्याकडे राहायला आल्या. येताना मिरचीचं लोणचं, बाजरीचं पीठ आणि एक गोष्ट घेऊन आल्या. वाचकांच्या एका ऑनलाइन ग्रुपनं शंभर शब्दांच्या कथांची स्पर्धा ठेवली होती, तिच्यासाठी. वय सत्तरच्या पुढं, शिक्षण चौथी.

"जावईबापू, गोष्ट तेवढी धाडून द्या," त्या म्हणाल्या. "खाली नाव मातर माझं पुरं टाका. आजवर नुसतं रेशनकार्डावर आलंय."

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका मोजतो. शिवाय लेखनाच्या दोन ऑनलाइन कार्यशाळा केलेल्या (प्रमाणपत्रं फ्रिजवर चिकटवलेली आहेत!). तेव्हा मार्गदर्शन करायचं मी परस्पर ठरवूनच टाकलं.

मोबाईल त्यांच्यापुढं धरला आणि म्हणालो, "तुम्ही नुसतं बोला, आई. हा आपोआप लिहितो."

त्या दोन शब्द बोलल्या. दोन शब्द पडद्यावर उमटले.

"अगं बया! माझंच बोलणं? अन् न गिरवता?"

"शब्दही हाच मोजतो."

"नाय. त्याला लिहू द्या. मोजायचं मी बघते."

बाईनं चातुर्मासात देवाला लाखोली वाहिलेली. लाख फुलं मोजणारीला शंभर शब्दांची काय मातब्बरी! त्यांनी खाऱ्या शेंगदाण्यांची बरणी मागवली. एक शब्द बोलायचा, एक दाणा ताटलीत टाकायचा. मी मोबाईल धरून अगदी जवळ बसलो. ताटलीच्या.

आणि गोष्ट सुरू झाली. चौथीतून शाळा सुटलेली एक मुलगी लग्नात पाटी घेऊन सासरी येते. सासरी त्या पाटीचं माठावरचं झाकण होतं. सासू शेतात गेली की ती ओल्या बोटानं पाटीवर अक्षरं काढते. सासू परत येईस्तोवर अक्षरं वाळून जातात. एक दिवस सासू लवकर येते, ओली पाटी बघते. माठात बोट बुडवते आणि म्हणते, "माझं नाव कसं काढायचं गं?"

मी थक्क झालो. दोन कार्यशाळा करून मला एक शेवट जमला नव्हता, आणि ही बाई दाणे टाकता टाकता सांगून मोकळी! ऐकताना मला माझ्या हाताचं भान राहिलं नाही.

सासूबाईंनी ताटली मोजली. अठ्ठ्याऐंशी! त्यांचा चेहरा उतरला.

"बारा कमी? माझ्या अंदाजानं तर पुरे व्हाया पायजे होते."

"काळजी नको," मार्गदर्शक म्हणाले, म्हणजे मीच. "तात्पर्य राहिलंय!" आणि खणखणीत आवाजात मोबाईलला सांगितलं, "तात्पर्य: शिक्षणाला वय नसते, जिद्द असेल तर माणूस केव्हाही, कुठेही शिकू शकतो." बरोब्बर बारा!

"त्याची गरज हाय व्हय?"

"परीक्षकांना लागतं, आई."

मुदत पाचपर्यंतची. पाचला दहा कमी असताना मी गोष्ट फॉर्ममध्ये चिकटवली आणि बटण दाबलं. पोचलेली कथा पडद्यावर आली, ती 'कसं काढायचं गं?'पाशीच संपलेली. माझं तात्पर्य गायब! खाली सूचना : एकाला एकदाच पाठवता येईल.

"माझी गोष्ट तुटली का हो?" सासूबाईंनी इतक्या हळू विचारलं, की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

माझ्या बायकोनं, सुनीतानं, मोबाईल हिसकावून घेतला. "एकशे बारा शब्द दिसतायत इथं! शंभराच्या पुढचे फॉर्मनं कापले. आई मोजण्यात कधी चुकत नाय." मग तिनं ताटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "दाणे कुणी खाल्ले?"

मी बोलू शकलो नाही. तोंडात दाणा होता. (तेरावा!)

पुढचे चार दिवस मी घरात पाहुण्यासारखा वावरलो. पाचव्या दिवशी निकाल आला. सासूबाईंची कथा पहिली! परीक्षकांनी लिहिलं होतं, 'कुठे थांबायचं, हे या लेखिकेला नेमकं कळतं.'

त्यांनी पडद्यावरच्या आपल्या पूर्ण नावावरून बोट फिरवलं, तर नाव सर्रकन वर सरकून गेलं.

"वाळलं का?" त्या दचकल्या.

"नाही आई," मी नाव पुन्हा खाली आणलं. "हे नाही वाळत." माझाच आवाज जरा ओला झाला होता.

सध्या दुसरी गोष्ट चालू आहे. मोजायला आता चिंचोके आहेत. शेंगदाण्यांची वेगळी वाटी मात्र माझ्यासमोर भरून ठेवलेली असते.

"खावा जावईबापू, लाजू नका," सासूबाई म्हणतात. "तोंड भरलेलं असलं, की तुम्हाला तात्पर्य सुचत नाय."