दिवा मोठा कर

भुताखेतांच्या गोष्टी कुणी काढल्या की मी उठून चहा टाकायला जाते. ही माझी जुनी सवय. पुण्याला माहेरी असले विषय निघाले की वडील हसून एवढंच विचारायचे, "पुरावा?" पुढे लग्न झालं तेही डॉक्टरशी. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचताना मी मनातल्या मनात प्रत्येकाची उलटतपासणी घेते, हे आधीच सांगून टाकते. आता माझी घ्या. मी स्वतःची इतकी वर्षं घेत आलेय... हाती काहीही लागलेलं नाही.

गोष्ट एरंडोलची. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. जळगाव तेव्हा पूर्व खानदेशचं जिल्ह्याचं गाव. आमच्या ह्यांचा एरंडोलात दवाखाना होता आणि दारात एक जुनी विलायती मोटार. मोटार ह्यांची, पण चालवायचे मी, कारण हे स्टिअरिंगला बसले की पेशंटचा विचार करत एखाद्या बैलगाडीच्या मागे निवांत लागून राहायचे. मी चालवायला शिकले तेव्हा सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला होता. त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं. एकदा मी त्यांना पद्मालयाच्या गणपतीला नेऊन आणलं आणि अबोला आपोआप सुटला.

कापसाचे दिवस होते, चांगली थंडी पडली होती. मागच्या गल्लीतल्या वत्सलाची चार वर्षांची सखू तापाने फणफणली होती. ह्यांनी तिचा घसा बघितला आणि तोंडावरचा रंगच उतरला. घटसर्प. घशात पांढरा पापुद्रा धरलेला, आवाज बसलेला, श्वास घेताना गळ्याची खळगी आत ओढली जात होती. त्यावर टोचायचं सीरम जळगावच्या सरकारी दवाखान्यात मिळणार होतं. पोरीला तिकडे न्यायचं तर वाटेतल्या धक्क्यांनीच गुदमरली असती.

हे म्हणाले, "मला हिच्याजवळून हलता यायचं नाही. वेळ आली तर गळ्याला छेद घ्यावा लागेल. सीरम तू आण. आणि आज संध्याकाळीच हवंय, उद्या सकाळी आणून काही उपयोग नाही."

माझ्या पदराचं टोक वत्सलाने मुठीत धरलं होतं, ते सोडवून घेऊन मी निघाले.

जळगावला सीरम मिळालं. तिथल्या डॉक्टरांनी बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये घालून दिली. बाहेर येऊन बघते तर उन्हं कलायला आलेली. वाटेत अंधार पडणार म्हणून दिवे लावून पाहिले, तर एक मेलेला आणि दुसरा मरणपंथाला लागलेला. दिवसाउजेडी फिरणाऱ्या मोटारीचे दिवे कोण बघतं?

मोटारीच्या सामानाचं दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "बल्ब सहाचा का बाराचा?"

व्होल्ट विचारत होता. मला ठाऊक नव्हतं. चुकून बाराचा घेतला असता आणि गाडी सहाची निघाली असती, तर दिवा उदबत्तीच्या टोकाएवढा लागला असता. मी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या एकेका खान्याचे दोन व्होल्ट, हे ह्यांनी कधीतरी सांगितलेलं. खाने मोजले, तीन होते.

"सहाचा."

"सहात दोन आहेत, ताई. हे साधे. हे जास्त उजेडाचे, टॅक्सीवाले हेच नेतात. रस्ता दिवसासारखा दिसतो."

मला लवकर पोचायचं होतं. दिवसासारखा रस्ता मला हवाच होता. जास्त उजेडाचे दोन घेतले. एक नवा नि एक जुना ठेवून काणी मोटार कोण चालवणार! त्याचा मिस्त्री कुठेतरी गेला होता, तो येईपर्यंत थांबायला मी काही तयार नव्हते. स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि रस्त्यातच बसकण मारली. काचेच्या कड्याखालचा स्क्रू सोडवला, कडं उतरवलं. आतल्या चांदीच्या आरशाला बोट लावायचं नाही, डाग कायमचा बसतो... म्हणून हातरुमाल गुंडाळून जुना बल्ब दाबला, फिरवला, काढला. नवा तसाच बसवला. दुसऱ्या बाजूचंही तेच.

भोवती ही गर्दी. एकजण दुसऱ्याला ओरडून सांगतोय, "अरे देख, देख! बाई मोटार दुरुस्त करी राहिनी!"

"करी राहिनी ना? मग उजेड अडवू नका," मी म्हटलं. गर्दी मागे सरली.

दिवे लख्ख लागले. त्या बल्बात दोन तारा असायच्या, एक जवळच्या उजेडाची नि एक लांबच्या. पायाशी एक बटण होतं, ते दाबलं की जवळचा जाऊन लांबचा लागायचा. ड्रायव्हर लोक त्याला 'मोठा दिवा' म्हणत. सगळं दोनदा लावून-बंद करून पाहिलं आणि गाडी हाणली.

गिरणा ओलांडली, पाळधी मागे पडलं, तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. थर्मास शेजारच्या सीटवर, उशीत खोचून ठेवलेला. पुढे एका नाल्यावर फरशी होती. म्हणजे पूल नव्हे, नाल्याच्या तळातून नेलेला अरुंद पक्का रस्ता, दोन्हीकडे कठडा नाही. हिवाळ्यात त्या खोलगटात दिवसभराची धूळ आणि शेतांतला धूर साचून राहायचा. मी उतारावर आले आणि समोर नुसतं पांढरं झालं. माझेच दिवे त्या धुळीवर आपटून माझ्याच डोळ्यांत परत येत होते. जवळचा उजेड लावून पाहिला, तरी तेच. पण वेग कमी करायला जीव होत नव्हता. हा रस्ता माझ्या हातापायांच्या ओळखीचा होता. सखूची ती खळगी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तशीच पुढे जायचं मी ठरवलं.

आणि कानाशी कुणीतरी म्हणालं —

"दिवा मोठा कर वं, माय."

स्पष्ट. अगदी शेजारच्या सीटवरून आल्यासारखं. आवाज बाईचा की पुरुषाचा, ते मला आजही सांगता येत नाही. घाबरलेला नव्हता. घरातलं माणूस घरातल्याला काम सांगतं, तसा होता... थोडा वैतागलेला.

आता एक सांगायला हवं. अक्कांच्या घरात 'दिवा विझव' असं म्हणत नसत, ते अशुभ. 'दिवा मोठा कर' म्हणजेच विझव. मी नवी नवरी असताना निजायच्या वेळी अक्का म्हणाल्या, "दिवा मोठा कर." मी वात वर केली. त्या पुन्हा म्हणाल्या, मी आणखी वर केली... कंदिलाची काच ताडकन तडकली. त्यावरून आमची पुष्कळ दिवस धुसफूस चालली. उजेड घालवायचा आणि त्याला मोठा म्हणायचं, हे मला पटेना. मी हट्टाने आयुष्यभर 'दिवा बंद कर' असंच म्हणत आले.

तर, फरशीच्या उतारावर माझा पाय त्या बटणावरच होता. नुसता दाबला असता तर ड्रायव्हरांचा मोठा दिवा लागला असता. पाय दाबला गेला नाही. हात पुढे झाला आणि त्याने दोन्ही दिवे घालवले.

काळोख झाला. आणि त्या काळोखात, खाली, जमिनीलगत एक पिवळा दिवा दिसला. लहान, स्थिर, गाडीच्या अगदी समोर. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थोडी घसरली नि थांबली. थर्मास खाली पडू नये म्हणून मी त्याच्यावर आडवी झाले होते.

टॉर्च घेऊन उतरले. चार पावलांवर कापसाची बैलगाडी उलटून आडवी पडलेली. पांढऱ्या धुळीत पांढरा कापूस, माझ्या लख्ख दिव्यांत तो मला जन्मात दिसला नसता. गाडीवान जूखाली पाय अडकून पडला होता, बैल सुटून कडेला उभे. मी मोटारीचा जॅक आणला, जूखाली लावला, दांडा फिरवत राहिले. पाय मोकळा झाला.

मी विचारलं, "हाक तुम्ही मारलीत का?"

"नई, माय. मोटार दिखताच मी डोया मिटी लिधात. तोंडमातून शब्दच निघना नई."

"आणि तुमचा कंदील? कुठंय?"

"कंदील नई शे मन्हाकडे. उजेड शे तवलोंग पाळधीले पोचसू, आसं वाटनं व्हतं."

मी टॉर्चने सगळं पाहिलं. गाडीखाली, नाल्यात, कापसात. कंदील नाही, काचेचा तुकडा नाही, रॉकेलचा वाससुद्धा नाही. थांबायला वेळ नव्हता. गाडीवानाला मागच्या सीटवर घेतलं आणि जी फट उरली होती तिच्यातून, एक चाक फरशीच्या अगदी कडेवर ठेवून, मोटार काढली.

ह्यांनी आधी सखूला सीरम टोचलं, मग गाडीवानाचा पाय बघितला. वत्सला पोरीच्या उशाशी आणि मी भिंतीला टेकून, दोघी तिच्या गळ्याकडे बघत बसलो. उजाडताना ती खळगी आत जायची थांबली. थोड्या वेळाने फाटक्या आवाजात सखू म्हणाली, "माय, पानी." वत्सला तोंडात पदर कोंबून रडली. मीही रडले, लपवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. गाडीवानाला पुन्हा विचारलं. बिडी ओढता? "नई." पाळधीपर्यंतच्या वस्त्यांवर विचारलं, त्या वेळी नाल्यात कुणी होतं का? कुणीच नव्हतं. ह्यांना घेऊन त्याच वेळी, तेच बल्ब लावून फरशीवर गेले, दिवे घालवून बसले. मग पुन्हा गेले. पुढे हे यायचे थांबले, मी जात राहिले. एकदाही काही दिसलं नाही.

ह्यांचं म्हणणं असं, की धुळीत उजेड उलटतो हे तुला कुठेतरी ठाऊक होतं. मनानेच तुला सांगितलं, कान फसले. दिव्याचं काय, म्हटलं की हे चष्मा पुसायला लागायचे.

दिव्याचं सोडून देऊ. पण हाक माझ्या मनाने मारली, हे मला मान्य नाही. का नाही, तेही सांगते. माझं मन पुण्याचं आहे. ते मला कधी 'माय' म्हणत नाही. आणि दिवा घालवायचा असता तर ते 'बंद कर' म्हणालं असतं. हाक त्या मातीतल्या कुणाची तरी होती. त्या हाकेचा मी माझ्या भाषेतला अर्थ घेतला असता, तर पायाने बटण दाबलं असतं आणि तो गाडीवान नि इकडे श्वासासाठी तडफडणारी सखू, दोघंही गेली असती. ती हाक कुणाची होती मला माहीत नाही. आणि इतकी वर्षं अक्कांच्या भाषेशी भांडलेला माझा हात त्या क्षणी ती भाषा कसा समजला, हे तर मुळीच माहीत नाही.