मुक्या नावाड्याचा जबाब

पोलिसाच्या आठवणींना बहुधा कोठडीचा, शाईचा आणि घामट खाकीचा वास असतो. या एका प्रकरणाची आठवण मात्र मला पाण्यावरून येते. अजूनही दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला की मी त्या होडीत असतो. होडी चाललेली असते, नारळीच्या सावल्या अंगावरून सरकत असतात आणि कुणीही बोलत नसते. त्या न बोलण्यात एका माणसाचा जीव वाचला, म्हणून ही हकीकत सांगतो. नावे कुणाचीच सांगणार नाही. एकाला विणकर म्हणतो, दुसऱ्याला फिटर. दोघेही परळच्या एकाच गिरणीत त्या त्या कामावर होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. मी लालबाग भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. बंदोबस्ताशिवाय दिवस जात नसे. मोर्चात घोषणा देणारे आमचेच मामे-चुलते आणि समोर काठी घेऊन आम्ही. संध्याकाळी घरी पाटावर बसलो की तोच मामा विचारी, "काय फौजदार, आज कुणाला बदडलंत?" खाली मान घालून भात कालवायचा.

अशा धामधुमीत फिटर ठाण्यात आला आणि आपला खोलीतला सोबती बेपत्ता असल्याची खबर देऊन गेला. दोघे कोकणातले, एका गावचे. लालबागच्या चाळीत एका खोलीत राहत आणि खाली एका मावशीच्या खानावळीत जेवत. फिटर रोज येऊन चौकशी करी. काही दिवसांनी रे रोडला लाकडाच्या वखारींमागे, धक्क्याजवळच्या पाण्यात एक प्रेत मिळाले. चेहरा ओळखण्याच्या पलीकडे गेला होता. अंगात निळ्या रेघांचा सदरा होता. खानावळीच्या मावशीने पदर तोंडाला लावून सांगितले, "ह्यो त्याचोच सदरो."

पंचनामा झाला, जबाब झाले, आणि सगळ्या बोटांची दिशा फिटरकडे वळली. विणकर नाहीसा होण्याच्या आदल्या संध्याकाळी खानावळीत दोघांची जुंपली होती. फिटर चळवळीत आकंठ बुडालेला. विणकर मोर्चाला यायला तयार नव्हता. फिटरने त्याची गचांडी धरली आणि सगळ्या पंगतीसमोर ओरडला, "अशान एक दिवस तुका मी मारून टाकतलंय!" कोकणातला माणूस असे दिवसातून तीनदा म्हणतो आणि रात्री त्याच माणसाला आपल्या ताटातली तळलेली तुकडी वाढतो. पण जबाबाच्या कागदावर हे वाक्य उतरले की त्याचा चेहराच बदलतो. फिटरला अटक झाली, कलम खुनाचे लागले. शाबीत झाले असते तर फाशी होती.

त्याची चौकशी मीच केली. तो एकाच वाक्याला चिकटून होता.

"तो जिवंत आसा, सायबानु."

"कशावरून?"

"माका सांगल्याशिवाय तो मरूचो नाय."

हा काही पुरावा नव्हे. पण मला त्याचे बोलणे खरे वाटले. शिवाय तो सदरा. गिरणीत डाग पडलेले, दोष राहिलेले कापड कामगारांना स्वस्तात विकत. त्या साली निळ्या रेघांचे तागे निघाले होते आणि निम्मे लालबाग निळ्या रेघांत फिरत होते. मी हे वरिष्ठांच्या कानावर घातले. ते म्हणाले, "सदरा सगळ्यांकडे असेल हो. बेपत्ता एकच आहे ना?" साहेबांचे म्हणणे तर्काला धरून होते, म्हणूनच ते खोडता येत नव्हते.

धागा मिळाला तो माटुंग्याहून. तिथल्या एका खानावळीचा मल्याळी आचारी रजेवरून परतला आणि फिटरची बातमी ऐकून स्वतःहून ठाण्यात आला. विणकर सुटीच्या दिवशी त्याच्याकडे जेवायला येई. जेवण झाले तरी उठत नसे. आचाऱ्याच्या मुलुखाच्या गोष्टी पुन्हा पुन्हा विचारी. तिथे पाण्याच्याच वाटा आहेत, दिवसभर होडीतून गेले तरी रस्ता लागत नाही, हे खरे का? आता गावी गेल्यावर आचाऱ्याने आलेप्पीच्या बाजूला भाताच्या एका होडीवर तसाच माणूस पाहिला होता. "मी हाक मारली. तो वळला नाही. पण तोच असावा."

"असावा" या शब्दावर सरकारी खर्चाने कोण कुठे पाठवतो! पण त्याच सुमारास बंदोबस्तात एक दगड माझ्या कपाळाला लागला. टाके पडले, कानात सारखी घूं घूं सुरू झाली, डॉक्टरांनी बंदोबस्ताला अपात्र ठरवले. साहेबांनी माझ्या पट्टीकडे पाहिले आणि म्हणाले, "तसेही इथे तुमचा उपयोग नाही. जा, सहल करून या."

गाड्या बदलत, अंगाचे भुस्कट करून मी आलेप्पीला पोचलो. तिथल्या ठाण्याने एक हेडकॉन्स्टेबल सोबत दिला. पलटणीत राहिल्यामुळे त्याला हिंदी येत होती. चौकशीत कळले की त्या होडीवर परका माणूस आहे खरा, पण तो मुका आहे. मालकाला त्याचे नाव गाव माहीत नव्हते. होडी भात भरून निघण्याच्या बेतात होती आणि मालक थांबायला तयार नव्हता. हेडकॉन्स्टेबल म्हणाला, "साब, बैठ जाओ. शाम तक वही मिलेगा, और कहाँ जाएगा?"

असा मी माझ्या नोकरीतल्या एकमेव सहलीला निघालो. होडी लांबलचक, वर वेळूच्या चटईचे छप्पर. फळ्या काथ्याने शिवलेल्या, लोखंडाचा खिळा म्हणून नाही. शहराचे घाट मागे पडले आणि पाणी रुंद झाले. दोन्ही बाजूंना बांध, बांधावर माड, आणि बांधापलीकडे भातशेती पाण्याच्या पातळीच्याही खाली. मी उभा राहिलो की शेतातली बाई मला विहिरीत असल्यासारखी दिसे. एक म्हातारा एवढ्याशा डोणीतून शेकडो बदके हाकत गेला. बदके ओरडत होती, पण तो आवाजसुद्धा पाण्यावर पसरून मऊ होऊन येई. पांढरे चर्च आले, गेले. कुठे काथ्यासाठी नारळाची सोडणे कुजत घातलेली, त्याचा उग्र वास आला आणि वाऱ्याने गेला. मालकाने पेज आणि माशाचे कालवण वाढले. त्यात आमसुलासारखे काहीतरी काळे आंबट होते. पहिल्या घासाला मला माझी आई आठवली.

हेडकॉन्स्टेबलने विचारले, "साब, हमारा तो बन गया, हमारी भाषा का राज. आपका?"

मी कपाळाच्या पट्टीकडे बोट दाखवले. "बन रहा है."

तो इतका हसला की होडी हलली.

जेवणानंतर माझ्या लक्षात आले की कानातली घूं घूं थांबली आहे. कधी थांबली ते कळलेच नव्हते. मी कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो. फिटर, खून, रिमांड हे सगळे कुणा दुसऱ्याचे असावे असे वाटू लागले, आणि मग स्वतःचीच शरम वाटली. तिकडे एक माणूस गजांआड बसून माझी वाट पाहत होता.

मुका मध्यम बांध्याचा, सावळा, तिशीतला. म्हणजे आमच्या वर्णनात बसणारा, आणि अर्ध्या मुंबईतही बसणारा. मी त्याला मराठीत हाक मारली, मालवणीत गावाचे नाव घेतले. त्याची पापणीसुद्धा लवली नाही. बांबू पुढे रोवायचा, काठाच्या फळीवरून चालत होडी रेटत मागे जायचे, बांबू काढून पुन्हा पुढे यायचे. त्याची ती ये-जा मी पाहत होतो. ती चाल मी कुठेतरी पाहिली होती. आणि एकदम उमगले. गिरणीत दोन साच्यांमधल्या, म्हणजे मागांमधल्या, बोळात विणकर असाच चालतो.

माझे वडील विणकर होते. साचेखात्यात शेकडो साचे एकदम धडधडतात, तिथे कानाशी ओरडले तरी ऐकू येत नाही. म्हणून विणकर आवाजाशिवाय बोलतात. ओठ सावकाश हलवायचे, हाताने खुणा करायच्या. वडील घरीही तसेच बोलत, त्यामुळे आम्ही भावंडे ते बोलणे आईच्या दुधाबरोबर शिकलो. त्यातली एक खूण प्रत्येक विणकराच्या हाडात मुरलेली असते. मिशीवरून बोट फिरवायचे आणि अंगठा खांद्यामागे दाखवायचा. अर्थ एवढाच की सांभाळ, तुझ्या मागे जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आला आहे.

तो मागच्या टोकाला पोचून पुढे वळला तेव्हा मी पुढच्या टोकाला त्याच्याकडे तोंड करून बसलो होतो. मी मिशीवरून बोट फिरवले आणि अंगठा दाखवला.

तो गर्रकन मागे वळला.

मागे पाण्याशिवाय काही नव्हते. तो सावकाश माझ्याकडे वळला. आपण पकडलो गेलो हे त्याला कळले होते, आणि मला त्याची दया आली. मी आवाज न करता ओठ हलवले, "फिटर कोठडीत आहे."

त्याचे ओठ हलले, "कशाक?"

"तुझ्या खुनाबद्दल. फासावर जाईल."

बांबू चिखलात रुतलेला होता. त्याच्या हातातून तो सुटला आणि होडी पुढे निघून आली. मालकाने शिव्यांची लाखोली वाहिली, होडी मागे घेतली, बांबू उपटला. मालक आणि हेडकॉन्स्टेबल पुन्हा छपराखाली जाऊन लवंडले. आणि मग होडीच्या दोन टोकांना उभे राहून आम्ही दोघे बोललो. मी आयुष्यात अनेक जबाब घेतले. दरडावून घेतले, गोडीने घेतले. हा एकच असा की ज्यात पाण्याच्या आवाजात भर पडली नाही.

तो सांगत होता, "निजलंय तरी साचो डोक्यात चालूच. पाळी सुटली तरी चालूच. वर सगळीकडे घोषणा. हयसर इलंय आणि तो बंद पडलो."

"मुका का झालास?"

"कोणी काय विचारल्यानच नाय."

"फिटरला सांगायचं तरी होतंस."

"तेका सांगलंय असतंय तर तेना माका जावक दिल्यान नसता."

आता खरी अडचण पुढेच होती. बेपत्ता होणे हा गुन्हा नाही. माझ्या खिशात त्याच्या नावाचे वॉरंट नव्हते. त्याने पाण्यात उडी टाकून बांध गाठला असता तर मला त्याच्यावर बोटही उगारता आले नसते. फिटरचा जीव या माणसाच्या मर्जीवर होता. मी एवढेच म्हणालो, "एकदा कोर्टासमोर उभा राहा. मग कुठे जायचं ते तुझं तू ठरव. कुणी अडवणार नाही, हा माझा शब्द."

त्याने बांबू उचलला. बांबू रोवला आणि चालू लागला. दुपार कलली, पाणी तांबूस झाले, माडांच्या सावल्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाऊन पोचल्या. मी पुन्हा विचारले नाही. घाई केली तर हा माणूस आवाजाला घाबरून पळाला तसा मलाही घाबरून पळेल, हे मला दिसत होते.

होडी धक्क्याला लागली. तो छपराखाली गेला, गाठोडे सोडले आणि मोठ्याने म्हणाला, "थांबा, सदरो घालूंदे."

मालकाच्या हातातले भांडे पडले. त्याने छातीवर क्रुसाची खूण केली. मुका छपराखालून बाहेर आला तो निळ्या रेघांचा सदरा घालून.

पुढचे सगळे रीतसर झाले. गिरणीच्या जॉबरने आणि मावशीने त्याला ओळखले. मावशीने तर कोर्टाच्या आवारातच त्याला दोन शिव्या घातल्या. फिटर सुटला. रे रोडचे प्रेत पुन्हा बेवारस झाले. त्याचे कुणी आले नाही, आणि ते मला अजून बोचते.

सुटकेचे कागद घ्यायला दोघे ठाण्यात समोरासमोर आले. फिटरची दाढी गळ्यापर्यंत आली होती. तो थेट विणकराकडे गेला आणि त्याच्या कानशिलात एक ठेवून दिली. हवालदार पुढे झाला, मी त्याला हाताने अडवले.

"जेवलंस काय?" फिटरने विचारले.

विणकराने मान हलवली. नाही.

होडीत ऐकलेले सगळे मी फिटरला कोठडीतच सांगितले होते. आता तो माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण आवाज रागाचा होता. "सायबानु, एका खोलयेत रवलंव, एका ताटात जेवलंव. ह्येका आवाज सोसना नाय, ह्यां माका तुमच्या तोंडसून कळता! आणि मी ह्येका घोषणा देवक ओढी होतंय."

विणकर चार दिवस मुंबईत राहिला. मग परत गेला. फिटर त्याला गाडीत बसवून आला आणि तसाच पाळीवर गेला.

त्यानंतर माझ्या कामात एक बदल झाला. बेपत्ता माणसाची खबर आली की आम्ही पहिला प्रश्न ठरलेला विचारत असू. त्याचे कुणाशी वैर होते का? मी तो मागे टाकला. समोर रडत बसलेल्या आईला, बायकोला, भावाला मी आधी विचारायचो, "त्याला काय सोसत नव्हतं?" बहुतेक जण एकमेकांकडे पाहत. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचे ते माणूस हरवल्याच्या दुःखापेक्षा मोठे असायचे. तो घरात होता तेव्हाच हरवला होता, हे त्यांना माझ्या टेबलासमोर बसून कळत असे.