संकष्टीच्या दिवशी घेतलेली गोळी

घाटकोपरच्या चाळीत मी एकटा राहतो. बायको गेली तेव्हा मुलगी म्हणाली, बोरिवलीला चला. मी नाही म्हटलं. गिरणीत राबून घेतलेली खोली, तिला कुलूप लावून जावयाच्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपायला जाऊ? तिनेही बजावलं, "एकदा जरी पडलात बाबा, तर मी ऐकणार नाही."

संकष्टी बायको करायची. मी चेष्टा करायचो. ती गेल्यावर मीच धरली. का, ते सांगता येत नाही. घरात दिवसभर बोलायला कुणी नसतं, त्या दिवशी उपास तरी सोबतीला असतो. आणि माझं सगळं टोकाचं. ती साबुदाणा खायची, मी चंद्र दिसेपर्यंत नुसता बिनसाखरेचा चहा.

मधुमेहाची गोळी मात्र सकाळी घ्यायचो. डॉक्टरने नुकतीच बदलून दिली होती आणि सांगितलं होतं, चुकवायची नाही. मी चौथी शिकलेला, पण सांगितलेलं काम चुकवणारा नव्हे.

त्या संकष्टीला दुपारी हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम. वाटलं, साखर चढली. कारल्याचा रस करून ठेवला होता, तो पेलाभर प्यालो. औषधाला कसला आलाय उपास? मग उंबऱ्यापाशी पाय गेले आणि तिथेच बसलो.

शेजारची सून पाणी भरून येत होती. "काका, काय झालं? खाल्लंत काय?"

"संकष्टी आहे."

"आणि गोळी?"

"ती घेतली ना!"

तिने हंडा तिथेच ठेवला, आत धावली आणि साखरेचं पाणी घेऊन आली.

"उपास मोडेल," मी म्हटलं.

"साखर उपासाला चालते, काका!"

"मला बंद आहे."

"ते डॉक्टरला सांगा. आधी प्या. नाहीतर तोंडात ओतीन हां!"

प्यालो. थोड्या वेळाने समोरची भिंत जागेवर आली.

तिच्या नवऱ्याने रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टर रागावला नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाला, "आजोबा, जेवलं की रक्तात साखर वाढते. मग पोटातलं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. ते इन्सुलिन साखर रक्तातून काढून अंगाला कामाला लावतं, उरलेली यकृतात साठवतं. उपाशी राहिलं की इन्सुलिन कमी होतं आणि यकृत साठ्यातली साखर हळूहळू परत सोडतं. तुमची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, ते तिला कळत नाही. साखर खाली येतच राहते आणि यकृत पुरं पडत नाही. वर तुम्ही कारलं प्यालात!"

म्हणजे मी झोपेत असतानासुद्धा आत कुणीतरी पाळीवर असतं. एवढी वर्षं मला पत्ता नव्हता. ऐकून बरं वाटलं आणि वाईटही.

संध्याकाळी मुलगी आली. कपाटातून माझे सदरे काढून पिशवीत भरायला लागली. मी पिशवी धरली.

"सोड."

"नाही सोडणार. शेजारच्या त्या बाईंनी पाहिलं नसतं तर?"

बराच वेळ दोघं पिशवी धरून उभे. ती माझ्यावरच गेली आहे. शेवटी म्हणाली, "उपास सोडा, नाहीतर खोली सोडा. आणि सकाळी खाऊन, मगच गोळी घेऊन मला फोन करायचा. रोज."

खोली ठेवली. संकष्टी गेली. तो दिवस आता बाकीच्या दिवसांसारखाच जातो.

सकाळी फोन करतो. "खाल्लंत?" "पोहे." "गोळी?" "घेतली." "बरं," म्हणते आणि ठेवते. तिला ऑफिसची घाई असते. म्हणून कधी कधी मुद्दाम सांगतो, पोह्यांत मीठ जास्त पडलं. मग ती माझ्या बीपीवरून भडकते, चांगली पाच मिनिटं बोलते. मी मध्ये बोलत नाही.