गजावरची खूण

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. मी मात्र चारित्र्य पडताळणीच्या सहीसाठी सकाळपासून तिथल्या बाकावर होतो. लातूरकडचा, नववीत शाळा सुटलेला. सही झाली नसती तर चिखल्याच्या खाणीवर लागणारं काम हातचं जाणार होतं. शेजारी एक म्हातारा ठासणीची बंदूक धोतराच्या सोग्यानं पुसत बसला होता. तोंडातून दारू भरून गजानं ठासायची, पणज्याच्या काळातली. त्यानं विचारायच्या आधीच मी त्याला सगळं सांगून टाकलं.

त्याची पाळी आली. "रिकामी आहे ना, बाबाजी?" हवालदारानं विचारलं.

"डुकरासाठी भरली होती. उडवली का नाही, आठवून नाही राहिलं."

हवालदार खुर्चीसकट मागं सरकला. म्हाताऱ्यानं नळीखालचा गज काढला. त्यावर एक खूण कोरलेली होती. "हा नळीत सोडून पाहा. खूण तोंडाशी आली तं रिकामी, वर राहिली तं भरली."

कुणी पुढं येईना.

"तू ये, बाबू," तो मला म्हणाला.

मी गज नळीत सोडला. तो खडखड वाजत आत गेला. खूण बरोबर तोंडाशी थांबली.

"पोरगं धीराचं आहे, साहेब. त्याचं काम करून द्या ना पहिले."

पाच मिनिटांत सही झाली. बाहेर मी त्याच्या पाया पडलो. "आजोबा, भरलेली निघाली असती तर?"

"तं तुले कायले बोलावलं असतं? मीच नसतो पळालो? घरूनच तपासून आणली ना बे." तो हसला. "सकाळपासून तू त्याहीले दिसूनच नव्हता राहिला."